दोन ते चार, मागच्या दाराने

थोरली पत्र सांगायला बसली की कारखान्यातल्या चारी कारागिरांच्या राप्या चामड्यावरून हळू फिरायला लागायच्या. ऐकायला मिळावं म्हणून. बूट शिवणाऱ्यांचं घर ते. खाली कारखाना, वर बिऱ्हाड, आणि जिन्याच्या तोंडाशी थोरलीची खुर्ची. तिथून पुढचं दार दिसायचं आणि कोण किती वेळ चहा पितो तेही दिसायचं.

"लिही," ती म्हणायची. "तुमचा बूट चावतो म्हणता. आमचा बूट आजवर कुणाला चावलेला नाही. तुमचा पाय वाढलाय. पायाला आवर घाला."

समोर तिची धाकटी जाऊ मान खाली घालून लिहीत असायची. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही एकापाठोपाठ गेले आणि मागे हा कारखाना राहिला. थोरलीची शाळा तिसरीत सुटलेली. छापील अक्षर ती एकेक लावून वाचायची, पण धाकटीचं मुंग्यांच्या रांगेसारखं जोडून काढलेलं अक्षर तिच्या बापालाही लागलं नसतं. म्हणून लिहून झालं की धाकटी पत्र मोठ्याने वाचून दाखवायची, शब्दाला शब्द, थेट "पायाला आवर घाला" पर्यंत. मग थोरली खाली सही ठोकायची. कागदाच्या पाठीवरून हात फिरवला तरी हाताला लागावी अशी सही.

"गिऱ्हाइकाला गोड बोललं की ते डोक्यावर चढून बसतं," ती कारागिरांना ऐकवायची. "आपलं गिऱ्हाईक टिकलंय ते या पत्रांवर."

आणि टिकलं होतं, यात खोटं नाही. एकदा बूट नेलेला माणूस पुन्हा यायचाच. रस्त्यात भेटला तर थांबायचा. थोरली भर रस्त्यात त्याच्या चालीला नावं ठेवायची, टाचा घासत चालतो म्हणून झापायची, आणि तो हसत हसत ऐकून घ्यायचा. एकेकाचा वचक असतो, असं थोरलीला वाटायचं. दुपारी जेवून दोनला ती वर जाऊन आडवी व्हायची ती चारला उठायची. तेवढ्या वेळात घरात भांडं वाजवायची कुणाची छाती नव्हती. हाही वचकच.

त्या वर्षी धाकटी जिन्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. प्लास्टर घातलं आणि सहा आठवड्यांसाठी लेकीकडे गेली. निघताना ती थोरलीच्या नव्या सूनबाईपाशी दोनदा थांबली, काहीतरी सांगायचं होतं तिला, पण दोन्ही वेळा थोरली मध्ये येऊन उभी.

"जा गं बाई. तुझ्यावाचून काही अडत नाही इथे. सूनबाई शिकलेली आहे."

सूनबाई शिकलेली होतीच. गिऱ्हाइकांना परिणामकारक पत्रं कशी लिहावीत याचा तिने तीन महिन्यांचा वर्ग केला होता. प्रमाणपत्र होतं आणि एक जाडजूड पुस्तकही होतं. पहिल्याच दिवशी तिने ते थोरलीपुढे उघडलं.

"आई, यात म्हटलंय, गिऱ्हाइकाला काय त्रास झाला त्याची पहिल्या ओळीत दखल घ्यावी."

"कुणी म्हटलंय?"

"पुस्तकात आहे."

"त्या पुस्तकवाल्याने किती बूट विकले?"

ते काही पुस्तकात नव्हतं.

"मग मीट ते. आणि लिही."

पहिलंच पत्र होतं हाडांच्या दवाखान्याच्या डॉक्टरांना. कारखान्याचं अर्ध्याहून जास्त काम या दवाखान्याचं. एक पाय आखूड असलेली, पाऊल वळलेली अशी बासष्ट मुलं. प्रत्येकाचे लाकडी पाय, ज्यांना धंद्यातली माणसं कलबूत म्हणतात, ते भिंतीवरच्या फळीवर जोडीजोडीने मांडलेले. मूल वाढलं की त्या लाकडावर चामड्याची पट्टी चिकटवून तेही वाढवायचं. काही पायांवर अशा आठ-आठ पट्ट्या होत्या. ती फळी म्हणजे थोरलीचा जीव. तिच्यावरची धूळ ती दुसऱ्या कुणाला पुसू द्यायची नाही.

डॉक्टरांनी कळवलं होतं की अमुक एका मुलीच्या डाव्या बुटाची टाच जास्त उंच झालीय, ती चालताना पडते, गुडघा दुखतो.

थोरली खुर्चीत ताठ झाली. "लिही. मुलगी पडते ती तिच्या धांदरटपणाने. आमची टाच बरोबर आहे. तुम्हाला माप घेता येत नसेल तर आधी पट्टी धरायला शिका आणि मग आम्हाला पत्र लिहा."

सूनबाईची बोटं थांबली. "असंच लिहू?"

"मी काय कोड्यात बोलले?"

सूनबाईने असंच लिहिलं. तिचाही काय दोष म्हणा. या घराची हीच रीत, आणि या रीतीवर इतकी वर्षं गिऱ्हाईक टिकलंय, असं तिला सगळ्यांदेखत सांगितलेलं. तिने संगणकावर टाइप करून कागद आणून दिला. छापील अक्षर. थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा आपलं पत्र स्वतः, एकेक अक्षर लावत वाचलं आणि खूश झाली. "वा! धाकटीपेक्षा तुझं बरं आहे की." त्या आठवड्यात अशी अकरा पत्रं गेली.

नवव्या दिवशी, बुधवारी, डॉक्टरांचं उत्तर आलं. तेही छापील. थोरलीने चष्मा लावला आणि सूनबाईला हात लावू दिला नाही.

"आपले पत्र मिळाले. यापुढे आमच्या मुलांचे बूट दुसरीकडे करून घेऊ. शुक्रवारी सकाळी गाडी येईल, तिच्याबरोबर बासष्ट मुलांचे लाकडी पाय द्यावेत. वीस वर्षे ज्या बाईंनी आम्हाला तशी पत्रे लिहिली, त्यांचीच ही सही आहे यावर विश्वास बसत नाही. आपली प्रकृती बरी आहे ना?"

तिने ते तीनदा वाचलं. दर वेळी तेच निघालं. फळीकडे बघितलं तर लाकडी पाय जागच्या जागी, पण तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. ती फळी रिकामी झाली तर चार कारागिरांना करायला काम उरणार नव्हतं, आणि तिला उठायला कारण.

"तशी पत्रे," ती पुटपुटली. "तशी म्हणजे कशी गं?"

सूनबाईने वस्तादाकडे पाहिलं. वस्ताद म्हणजे सगळ्यात जुना कारागीर, सासऱ्यांच्या हाताखाली तयार झालेला. त्याने आरीला मेण लावायला घेतलं. आरीला आधीच मेण लावलेलं होतं.

त्या दुपारी थोरली आडवी झाली, पण डोळा लागेना. कुशी बदलून बदलून अंग दुखलं. अडीचच्या सुमारास तिला खालून कडी वाजल्याचं ऐकू आलं. मागच्या दाराची कडी. ते दार चामड्याच्या खोलीचं, तिथून कचऱ्याखेरीज काही जात-येत नाही. मग कुणीतरी हसलं. घरात, तिच्या झोपेच्या वेळी, कुणीतरी मोकळ्या गळ्याने हसलं!

ती अनवाणीच जिना उतरली. चामड्याच्या खोलीचं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थिजली.

चामड्याच्या गुंडाळ्या ठेवायच्या बाकड्यावरून गुंडाळ्या उचलून बाजूला उभ्या केल्या होत्या. बाकड्यावर तीन माणसं ओळीने बसली होती, बूट काढून, मोजे घालून, घरच्यासारखी. एकाच्या हातात चहा. चहा तिच्या घरातला, कप तिच्या घरातला. समोर वस्ताद गुडघ्यावर बसून एका बाईची टाच चाचपत होता. ती मुलींच्या शाळेची जुनी हेडबाई, एकोणतीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्याच्या हातातला बूट खाली पडला.

"अगंबाई, मालकीणबाई!" हेडबाईंचा चेहरा उजळला. "आज जाग्या तुम्ही? किती बरं वाटलं. या ना, बसा."

स्वतःच्या घरात कुणी तिला 'या बसा' म्हणण्याची ही पहिलीच खेप.

"हे काय चाललंय?" तिचा आवाज निघाला तो तिलाच ओळखू येईना.

"टाच लागत होती म्हणून आले. तुम्हीच नाही का बोलावता? दोन ते चार, मागच्या दाराने." हेडबाईंनी पिशवीतून एक जाडसर पाकीट काढलं. आत पत्रं, घड्या मऊ झालेली. "मागच्या आठवड्यात ते दुसरंच काहीतरी आलं, छापलेलं. मी म्हटलं, हे त्यांचं नाही, कुणाची तरी खोडी दिसतेय. म्हणून ही दाखवायला आणली. बघा, सगळी ठेवलीत मी."

मुंग्यांच्या रांगा आणि प्रत्येक रांगेखाली ठोकलेली तिची सही.

"वाचा," थोरली म्हणाली.

हेडबाईंनी शाळेत वाचतात तसं खणखणीत वाचलं. "तुमच्या टाचेला बूट लागतो हे कळलं आणि घास गोड लागेना. माप आमच्याकडूनच घाईत घेतलं गेलं असणार, त्याबद्दल क्षमा करा. दुपारी दोन ते चारमध्ये मागच्या दाराने या. वस्ताद स्वतः बघतील. याचे काही द्यायचे नाही."

"क्षमा?" थोरली म्हणाली. बाकड्यावरच्या माणसाने चहाचा कप हळूच खाली ठेवला.

"आणि हे तर मला इतकं आवडलं होतं, पहिल्या पत्रातलं." हेडबाईंना काही कळतच नव्हतं, त्या आपल्या आनंदात. "मी समोर भेटले तर फाडकन बोलेन. ते मनावर घेऊ नका. बोलून झाल्यावर माझं मलाच खातं, पण ते सांगायला मला कुणी शिकवलं नाही." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणून तर बाई, तुम्ही रस्त्यात एवढं बोलता, पण आमच्यापैकी कुणी कधी मनावर घेतलं नाही."

थोरलीच्या आत्ता ध्यानात आलं. म्हणजे ते हसत होते ते घाबरून नव्हे. इतकी वर्षं, रस्त्यातला एकूण एक माणूस तिला सांभाळून घेत होता. लहान पोराला घेतात तसं.

तिने भिंतीला पाठ टेकली. "वस्ताद, कारखान्यात आणखी कुणाला माहीत आहे हे?"

वस्तादाने खाली पडलेला बूट उचलला.

"मी विचारतेय."

"कारखान्यात तुमच्याखेरीज सगळ्यांना," तो म्हणाला. "बाहेर सगळ्यांना वाटतं, पत्रं तुमचीच."

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. एकच गोष्ट तिने मनाशी घट्ट धरली होती, की पत्रं कशीही असोत, डॉक्टरांचं माप चूक आणि तिचं बरोबर. गुरुवारी सकाळी तिने वस्तादाला त्या मुलीचा डावा लाकडी पाय फळीवरून काढायला लावला आणि टाचेचा ठोकळा मागवला.

"डॉक्टरने किती सांगितलं होतं?"

"चार सेंटिमीटर, मालकीणबाई."

"म्हणजे दोन बोटं. सासऱ्यांच्या वेळेपासून दोन बोटं म्हणजे चार. ही बघ." तिने आपली दोन बोटं ठोकळ्यावर आडवी धरली. बोटं आणि ठोकळा तंतोतंत जुळले. "सांग त्या डॉक्टरला!"

वस्तादाने खिशातून पोलादी पट्टी काढली. क्षणभर तशीच धरली. मग तिच्या बोटांना लावली.

पाच. पाचाच्या थोडी पुढेच.

तिने बोटं पाहिली. सांधे सुजून पेरं जाड झाली होती. रोज डोळ्यांसमोर असलेली बोटं, ती कधी एवढी झाली? पट्टी तिने वस्तादाच्या हातून ओढून घेतली, पुन्हा लावली. पट्टी काही ऐकेना.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली असतील. तुम्ही झोपलात की आम्ही टाच तासून बारीक करत होतो. फक्त या मुलीच्या वेळी तुम्ही म्हणालात, गाडी उभी आहे, लगेच द्या. राहून गेलं."

एक पोर गुडघे फोडून घेत होती आणि आपण तिला धांदरट म्हणालो, छापून, सही करून.

दुपारी धाकटी आली. वस्तादाने फोन केला असणार. गळ्यात अडकवलेला पांढरा हात सांभाळत ती जिन्याशी उभी राहिली आणि थोरलीच्या तोंडावरूनच तिने सगळं ओळखलं.

"एकतीस वर्षं?" थोरली म्हणाली.

"बत्तीस. पहिलं वर्ष धरलं नाहीत तुम्ही."

"आणि मला वाचून दाखवायचीस ते काय होतं?"

"तुम्ही सांगितलेलं. पाठ असायचं मला. तुमचं एकदा ऐकलं की विसरता कुठे येतं, जाऊबाई?"

"लबाड! माझ्या सहीखाली माफ्या मागत बसलीस जगभर!"

"सहीच्या वर," धाकटी म्हणाली. "सही खाली होती."

सूनबाईला हसू आवरेना म्हणून ती खोकली. थोरलीने तिच्याकडे असं पाहिलं की खोकलासुद्धा थांबला.

"'माझं मलाच खातं' म्हणे. हे तुला कुणी सांगितलं? मी कधी बोलले?"

"बोलला नाहीत. पण त्या हेडबाईंना पहिल्यांदा बोललात त्या रात्री तुम्ही वस्तादाला उठवून त्यांच्या बुटाची टाच पुन्हा बघायला लावलीत. मी जिन्यात उभी होते."

थोरलीने चष्मा काढून पदराने पुसला.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "उद्या गाडी यायची आहे. सांग सूनबाईला, काय ते तुझं गोडगोड लिहायचं ते. मी सही करते."

"नाही, जाऊबाई."

"काय?"

"आजवर तुमचं एकही पत्र या घराबाहेर गेलं नव्हतं, म्हणून मला पुढचं लिहिता येत होतं. हे गेलं. त्यावर आता मी काय लिहू? डॉक्टरांनी विचारलंय ते तुम्हाला. तब्येत कशी आहे ते मला काय ठाऊक?"

थोरलीने खुर्चीचे हात असे आवळले की सांधे कुरकुरले. मग तिने सूनबाईकडे हात पुढे केला. "ते तुझं पुस्तक आण."

सूनबाईने धावत पुस्तक आणलं. पण थोरलीला त्यातला मजकूर नको होता, अक्षरं हवी होती. छापील 'क' कसा, 'ड' कसा, तसा बघून बघून तिने कागदावर काढायला सुरुवात केली. जेवायची वेळ होईपर्यंत ती तिथेच होती. चार कागद फुकट गेले. पाचवा तिने कुणाला दाखवला नाही.

शुक्रवारी दहाला गाडी आली. थोरलीने एकेक लाकडी पाय स्वतः फडक्यात गुंडाळला आणि पेटीत ठेवला. बासष्ट जोड्या. कारागीर नुसते बघत होते, मदतीला पुढे व्हायची कुणाला हिंमत झाली नाही. फळीवर फक्त धुळीतले ठसे राहिले. गाडीवाल्याच्या हातात तिने घडी केलेला कागद दिला.

"डॉक्टरांच्याच हातात द्यायचा. वाटेत वाचलास तर बघ."

गाडी गेली. बारा वाजले, एक वाजला, जेवणं झाली. दोनला धाकटी म्हणाली, "पडा जरा." थोरली पुढच्या दारापाशी खुर्ची ओढून बसली, डोळे रस्त्यावर. गाडी यायची तर इथूनच येणार.

अडीचला मागच्या दाराची कडी वाजली.

सगळे एकदम उठले. वस्तादाने दार उघडलं. बाहेर डॉक्टर, त्यांच्या बोटाला धरून आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, दोन्ही गुडघ्यांवर खपल्या, आणि मागे गल्लीत उभी केलेली गाडी. पेट्या तशाच आत.

"मी पुढून या म्हटलं होतं," थोरली तिथूनच ओरडली.

डॉक्टर गोंधळले. "वीस वर्षांची सवय, बाई. पाय आपोआप इकडे वळले." त्यांनी खिशातून कागद काढला. मोठी, वेडीवाकडी, एकमेकांना न चिकटलेली अक्षरं.

डॉक्टर. चूक माझी. माझी बोटं जाड झाली. पट्टी घेतली आहे. मुलीला आणा. पुढच्या दाराने. मी जागी असेन.

सूनबाईने डॉक्टरांच्या खांद्यावरून ते वाचलं आणि तिचा हात तोंडावर गेला. तिच्या पुस्तकात असलं पत्र नव्हतं.

थोरलीने मुलीला आपल्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत आजवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. मग ती स्वतः, सांधे मोडत, खाली जमिनीवर बसली आणि पोलादी पट्टी पायाला लावली.

"उलटी धरलीत," मुलगी म्हणाली.

थोरलीने पट्टीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. "मला शिकवू नकोस," ती म्हणाली आणि पट्टी फिरवली. "आणि पाय हलवलास तर दुसराही आखूड करून ठेवीन."

डॉक्टर मुलीच्या कानाशी वाकले. "मनावर घ्यायचं नाही," ते हळूच म्हणाले.

थोरलीला ते ऐकू गेलं. तिची मान ताठ झाली, ओठ उघडले. धाकटीने डोळे मिटून घेतले. पण थोरलीने ओठ पुन्हा मिटले. पट्टीवर नाक टेकेल इतकी वाकून तिने आकडा बघितला.

"चार," ती म्हणाली. "सूनबाई, लिही. चार. मी सांगते तेवढंच."

वस्तादाने तिच्यासमोर, भर दुपारी, टाच तासली. मुलगी बूट घालून दारापर्यंत गेली, परत आली, मग पुन्हा गेली, धावत. पडली नाही. डॉक्टरांनी दोनदा तिचं पाऊल दाबून बघितलं आणि गाडीवाल्याला हाक मारली.

"पेट्या उतरव रे."

कारागीर गाडीकडे धावले. थोरली जमिनीवरच बसलेली होती. तिला उठवायला धाकटीने आपला चांगला हात पुढे केला, पण थोरलीने आधी सूनबाईच्या हातातला कागद ओढून घेतला. डोळ्यांजवळ धरून तिने त्यावर लिहिलेलं एकेक अक्षर लावत वाचलं. आकडा चारच होता, आणि त्यापुढे काही नव्हतं.

मग तिने धाकटीचा हात धरला.